डॉक्टरबाईंचा घोडा

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत नवा चेहरा भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. “काका, तुम्ही आयटीत की हॉस्पिटलमध्ये?” मी सांगतो, “मी बंदुका दुरुस्त करतो.” समोरच्याचा मोदक तोंडापाशी थांबतो. मग तो कसनुसे हसतो आणि रांगेत एक पाऊल मागे सरकतो. गेल्या वर्षी मात्र असे सांगितल्यावर एक बाई मागे सरकण्याऐवजी पुढे आल्या. त्या आमच्या या अंकाच्या संपादिका निघाल्या, आणि त्यांनी गळ घातली म्हणून हा खटाटोप.

आधी गैरसमज दूर करतो. मी मूळचा टूलरूमचा माणूस. पिंपरीच्या कारखान्यात हात घडला आणि पुढे इथे ब्रिस्टलला विमानाच्या इंजिनांचे भाग करण्यात वीसेक वर्षे गेली. आमचा विभाग बंद झाला तेव्हा मी सन्मानाने घरी बसलो. तीन महिन्यांत स्वयंपाकघरातले सगळे खण मी दोनदा उघडून रुळांवर परत बसवले. तिसऱ्यांदा स्क्रूड्रायव्हर हातात घेतला तेव्हा सौ. म्हणाली, “अहो, बाहेर कुठे काम बघा, नाहीतर मी बघते.” शहराबाहेर कॉलिन नावाच्या गृहस्थाचे बंदूक दुरुस्तीचे वर्कशॉप आहे, त्याचे आजोबाही तेच करायचे. त्याला फिटर हवा होता. जाहिरातीत एकच अट होती, धीर हवा. धीर माझ्याकडे नव्हता, पण तसे मी सांगितले नाही.

या देशात साधे पिस्तूल सामान्य माणसाला ठेवता येत नाही. चालते ते लांब नळीचे रिव्हॉल्व्हर. नळी हातभर, आणि मुठीच्या मागे एक दांडी कायमची बसवलेली, म्हणजे कोटाच्या खिशात लपवता येऊ नये. ते दिसायला रिव्हॉल्व्हर आणि छत्री यांच्या मुलासारखे दिसते. पोलिसांचे सर्टिफिकेट लागते, घरात पोलादी कपाट लागते आणि क्लबात जाऊन कागदावर नेम धरायचा, एवढाच त्याचा उपयोग. माझ्या गिऱ्हाइकांत शेतकरी, शिक्षक, एक पाद्री आणि एक दातांचे डॉक्टर आहेत. एका शेतकऱ्याने दुनळीचा मोडका दस्ता पेंढ्या बांधायच्या सुतळीने आवळून आणला होता. दस्ता नवा बसवा, पण सुतळी तशीच ठेवा, म्हणाला, कारण ती गाठ त्याच्या बापाने मारलेली होती. कॉलिनने ती गाठ न सोडता नवा दस्ता तिच्या आतून बसवला. मी आयुष्यात पुष्कळ कारागीर पाहिले, पण त्या दिवशी मी मनातल्या मनात त्याच्या पाया पडलो.

कॉलिनचा एक नियम आहे. गिऱ्हाइकाने काउंटरवर यायचे, ज्या भागाची तक्रार आहे त्यावर बोट ठेवायचे आणि मग बोलायचे. बोट ठेवल्याशिवाय जॉब कार्ड लिहायचे नाही. “आर्व,” अरविंदचे एवढेच करून तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला, “लोकांना नावं येत नाहीत. बोटं येतात.” मला हे फार बाळबोध वाटले होते.

एका सकाळी फोन वाजला. कॉलिन लेथवर होता म्हणून मी घेतला. पलीकडून कार्डिफच्या एक बाई इंग्रजीत बोलू लागल्या. पण नाव सांगितले नलिनी, आणि त्यात ‘ळ’ नसतानाही मला तो ऐकू आला. मी म्हटले, “मराठी का?”

“अय्या! बंदुकीच्या दुकानात मराठी माणूस?” बाई इतक्या जोरात म्हणाल्या की कॉलिनने लेथ बंद केले.

नलिनीताई नागपूरच्या. भूलतज्ज्ञ. कार्डिफच्या हॉस्पिटलात चौतीस वर्षे लोकांना झोपवून उठवले आणि निवृत्त झाल्या. आता वय शहात्तर. वडील वनखात्यात होते, त्यामुळे बंदूक लहानपणापासून पाहिलेली. इथे आल्यावर क्लबात नाव घातले आणि लांब नळीचे रिव्हॉल्व्हर घेतले. आम्ही दोघांनी आधी नागपूरच्या उन्हाबद्दल बोलून घेतले, मग पुण्याच्या लोकांबद्दल, म्हणजे त्या बोलल्या आणि मी ऐकले. कामाचे शेवटच्या अर्ध्या मिनिटात झाले.

“घोडा फार जड लागून राहिलाय हो, अरविंदराव. बोटांना झेपत नाही. आर्थरायटिस आहे ना. हलका करून द्या.”

“अगदी लोण्यासारखा करून देतो,” मी म्हटले.

रिव्हॉल्व्हरच्या पाठीवर जो भाग मागे खेचला जातो आणि सुटला की काडतुसाच्या टोपीवर आपटतो, तो घोडा. ज्यावर बोट ठेवून आपण ओढतो, तो चाप. पुण्यात शिकलेल्या माणसाला यात शंका नसते. मी कार्डावर लिहिले, घोडा जड, हलका करणे. बोट कोणी कशावर ठेवले नव्हते, पण मराठीत बोलणे झाले होते. आपल्या भाषेत कसला गैरसमज होणार?

कॉलिन कार्डिफकडे दुसऱ्या कामाला गेला होता, तो येताना त्यांची कुलूपबंद पेटी घेऊन आला. मी घोडा उतरवला, बाजू घासून आरशासारख्या केल्या आणि मुख्य स्प्रिंगचा ताण थोडा कमी केला. अंगठ्याने घोडा मागे घेऊन सहा गोळ्या मारून पाहिल्या. सहाही उडाल्या. अंगठ्याला खरोखरच लोण्यासारखा लागत होता. मी तो कॉलिनला दाखवला, स्वतःलाही तीन-चारदा दाखवला आणि पेटी परत पाठवली.

दहा दिवसांनी फोन आला. आवाज शांत होता आणि ते जास्त वाईट होते.

“अरविंदराव, काल क्लबात पाचातल्या तीन गोळ्या उडाल्याच नाहीत. नुसतं टक्, टक्. आणि घोडा होता तेवढाच जड आहे.”

मी म्हटले, अशक्य. त्या म्हणाल्या, “झालंय ते सांगते आहे.” मग पुढचे सांगितले. क्लबाचा सेक्रेटरी जेफ नावाचा एक निवृत्त रेल्वेवाला. त्याने सगळ्यांसमोर त्यांना थांबवले. त्याला वाटले की बाईंच्या बोटांत आता जोर राहिला नाही, त्या चाप पुरता ओढत नाहीत. आणि नेमके त्याच महिन्यात त्यांचे सर्टिफिकेट नूतनीकरणाला आले होते. त्यासाठी पोलिसांना क्लबाचे पत्र लागते, की ही व्यक्ती नियमित येते आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळते. जेफ म्हणाला होता, “डॉक्टर, असं चालणार असेल तर मला ते पत्र लिहिता येणार नाही.” पत्र नाही तर सर्टिफिकेट नाही, आणि ते नाही तर रिव्हॉल्व्हर जमा. शहात्तराव्या वर्षी पुन्हा नव्याने अर्ज करून ते मिळवणे जवळजवळ अशक्यच.

“मुलगा म्हणतो, आई, जाऊ दे ना, ब्रिज खेळ,” त्या म्हणाल्या. “अरविंदराव, रिटायर झाले त्या दिवसापासून माझ्या हातांना कोणी काही काम सांगितलेलं नाही. ते एकच ठिकाण आहे जिथे माझे हात लागतात. तेवढं राहू द्या.”

फोन ठेवल्यावर मी कॉलिनला सगळे सांगितले. त्याने कार्ड मागितले, वाचले आणि विचारले, “बोट कशावर ठेवलं होतं त्यांनी?” “फोनवर बोललो,” मी म्हटले. त्याने कार्ड जागेवर ठेवले आणि तो लेथकडे वळला. ओरडला असता तर बरे वाटले असते.

पुढच्या मंगळवारी नलिनीताई ट्रेनने ब्रिस्टलला आल्या, मी त्यांना स्टेशनवरून आणले. ठेंगण्या, पांढरे केस कापलेले, अंगात चुरगळलेला रेनकोट. रिव्हॉल्व्हर आधीच कॉलिनने आणून ठेवले होते. त्यांनी पर्समधून चकलीचा स्टीलचा डबा काढला. चकल्या आल्या हे सांगायला सौ.ला फोन करावा का, या विचारात मी होतो, तेवढ्यात त्यांनी झाकण उघडले. आत जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली दुर्बीण होती.

“ही काय?” मी विचारले.

“माझी दुर्बीण! नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी डोळ्यांना दिसत नाही आता, म्हणून वर्षभरापूर्वी दुसरीकडून बसवून घेतली. पेटीत मावत नाही म्हणून ती काढून ठेवली आणि नुसतं रिव्हॉल्व्हर पाठवलं होतं.”

त्यांनी ती रिव्हॉल्व्हरच्या माथ्यावर चढवली आणि माझे डोळे उघडले. दुर्बिणीचे मागचे तोंड बरोबर घोड्याच्या शेपटावर येत होते. घोड्याला वर जे शेपूट असते, त्यावर अंगठा ठेवून तो मागे घ्यायचा असतो. इथे अंगठा आत जायला जागाच नव्हती.

कॉलिन पुढे झाला. “डॉक्टर, जड काय लागतं, त्यावर बोट ठेवा.”

बाईंनी बोट ठेवले. चापावर.

“हा घोडा,” त्या मराठीत मला म्हणाल्या.

“हा चाप,” मी म्हटले.

“आमच्याकडे याला घोडाच म्हणत. बाबा सांगत, घोड्यावर उगाच बोट ठेवू नको. वरच्या त्या भागाला काय म्हणतात मला ठाऊक नाही, मी इथे हॅमर म्हणते.”

म्हणजे घोडे इथे पेंड खात होते. वाचकांसाठी उलगडून सांगतो. रिव्हॉल्व्हर दोन तऱ्हांनी चालते. एक, अंगठ्याने घोडा मागे घ्या आणि चापाला नुसता स्पर्श करा. दुसरी, घोड्याला हात न लावता चाप पूर्ण ओढा, म्हणजे तोच घोड्याला उचलतो आणि सोडतो. ही दुसरी ओढ लांब आणि चांगलीच जड असते. दुर्बीण आल्यापासून बाईंना पहिली वाट बंद झाली होती. त्या वर्षभर दुखऱ्या बोटांनी जड चाप ओढत होत्या आणि त्याबद्दलच तक्रार करत होत्या. मी मात्र जो भाग त्यांना हातच लावता येत नव्हता तो मऊ करून दिला. शिवाय चाप ओढून मारताना घोडा कमी मागे जातो, म्हणजे घाव मुळातच हलका बसतो. त्यात मी स्प्रिंग ढिली केली, म्हणून टोप्या फुटेनात. मी तपासले ते अंगठ्याने घोडा ओढून, म्हणून मला सगळे उत्तम दिसले. बाईंचे बोट चुकले नव्हते. चूक सर्वस्वी माझी होती, आणि चारचौघांत मान खाली घालावी लागली ती त्यांना.

मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “ते राहू द्या. ट्रीटमेंट काय ते सांगा.”

ट्रीटमेंट अशी. स्प्रिंग मूळच्या ताणावर आणायची. घोड्याचे वरचे शेपूट कापून टाकायचे, म्हणजे तो दुर्बिणीखालून मोकळा जाईल. आणि कुशीला एक आडवे शेपूट बसवायचे, जे दुर्बिणीच्या बाहेर येईल आणि अंगठ्याला सापडेल. सांगायला सोपे आहे. पण घोड्याचे पोलाद वरून कडक केलेले असते, वेल्डिंगची आच लागली की नरम पडते, म्हणून शेपूट स्क्रूनेच बसवावे लागते. आणि ते एका बाजूला असल्यामुळे जरा वजनदार झाले तर घोडा तिरपा होऊन चौकटीला घासतो. विमानाच्या कामात मी वीस वर्षे ग्रॅम ग्रॅम वाचवले होते, ते इथे कामी आले.

“काय बिघडू शकतं?” बाईंनी विचारले. “ऑपरेशनच्या आधी आम्हाला सांगावं लागतं सगळं. कन्सेंट.”

मी प्रामाणिकपणे सांगितले. एकदा कापले की परत जोडता येत नाही. छिद्र चुकले तर घोडा बाद. नवा अमेरिकेहून यायला कित्येक महिने लागतील, तोवर सर्टिफिकेटची तारीख उलटून जाईल. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “ठीक. कापा.” ज्याने एकदा माती केली त्याच्याच हातात त्यांनी ते दिले. मी उगाच कार्ड शोधू लागलो.

प्रश्न उरला, शेपूट कुठल्या बाजूला? त्यांचा उजवा अंगठा तर गाठींनी वाकडा झालेला. कॉलिनने प्लॅस्टिसीनचा, म्हणजे मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीचा, गोळा आणला. तो घोड्याला चिकटवून बाई वेगवेगळ्या तऱ्हेने रिव्हॉल्व्हर धरून पाहू लागल्या. मग थांबल्या आणि डावा अंगठा पुढे केला.

“भूल दिल्यावर पेशंटच्या घशात नळी घालायची असते. त्या वेळी जीभ बाजूला उचलून धरायचं एक हत्यार असतं. सगळी दुनिया ते डाव्याच हातात धरते. चौतीस वर्षं हा अंगठा रोज ते काम करत होता. याला काही झालेलं नाही.”

डाव्या अंगठ्याने त्यांनी प्लॅस्टिसीन दाबले. त्यात जो खळगा उमटला तो मी मोजला, चारही बाजूंनी, आणि कागदावर उतरवला. इतका अचूक नमुना मला कुठल्याही ड्रॉइंग ऑफिसकडून मिळाला नव्हता.

पहिले शेपूट लांब झाले. दुसरे मापात होते पण घोडा चौकटीला केसभर घासत होता, ते दिसत नव्हते, कॉलिनला ऐकू आले. तो डोळे मिटून घोडा मागेपुढे करायचा आणि म्हणायचा, “नाही, अजून कुजबुजतोय.” तिसरे मी आतून पोकळ केले, वर अंगठा घसरू नये म्हणून बारीक खाचा पाडल्या. दुर्बीण आणि घोडा यांच्यामधून कागदाचा तुकडा अलगद निघाला. कॉलिनने कान लावला आणि चहा टाकायला गेला. त्याच्याकडून याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळत नाही. मग आम्ही चाप ओढून साठ आणि अंगठ्याने साठ गोळ्या मारल्या. एकही चुकली नाही.

रविवारी सकाळी कॉलिन आणि मी कार्डिफजवळच्या त्यांच्या क्लबात गेलो. जेफ दारातच भेटला. उंच, लाल चेहऱ्याचा, हातात फळी आणि कागद. वाईट माणूस नव्हता. रेंजवर काही झाले तर जबाबदारी त्याची होती. मी त्याला सरळ सांगितले की मागच्या वेळचा दोष माझा. तो म्हणाला, “बघू या.”

नलिनीताईंनी पवित्रा घेतला. दोन्ही हातांत रिव्हॉल्व्हर, डावा अंगठा आडव्या शेपटावर. घोडा मागे, श्वास, स्पर्श. गोळी उडाली. पुन्हा. पुन्हा. पहिल्या पाच, दुसऱ्या पाच, तिसऱ्या पाच. दर वेळी तो अंगठा न चाचपडता जागेवर जात होता, आणि मला पहिल्यांदाच कळले की हॉस्पिटलात या बाई कशा दिसत असतील. जेफ मान हलवू लागला. आता शेवटच्या पाच. चार उडाल्या.

पाचवीला टक्.

कॉलिनने माझा दंड धरला. जेफने कागदावरची नजर उचलली.

गोळी उडाली नाही तर सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे रिव्हॉल्व्हर फिरवून ‘काय झालं’ म्हणून बघणे. दारू आत धुमसत असेल तर ती उशिराही उडते. म्हणून नळी समोरच ठेवून तीस सेकंद स्तब्ध थांबायचे. भल्याभल्यांचा हा धीर सुटतो, वीस झाले की हात खाली येतात.

बाई हलल्या नाहीत. नळी कागदावर स्थिर, बोट चापाबाहेर. आणि मोठ्याने मोजू लागल्या. “एक. दोन. तीन.” हल्लीचे कानावरचे मफ धडाका अडवतात पण बोलणे येऊ देतात, त्यामुळे सगळ्या रेंजला ते मराठी आकडे ऐकू येत होते. शेजारच्या रांगांमधले लोक थांबले. जेफच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. चौदा, पंधरा. त्या वयात लांब नळीचे ते वजन तसे धरून ठेवणे सोपे नाही. बावीस. दंड थरथरू लागला, नळी नाही. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.

मग त्यांनी ते खाली ठेवले, उघडले आणि दोन पावले मागे झाल्या. जेफने काडतूस काढून उजेडात धरले. टोपीवर खोल, गोल, नेमका मधोमध खड्डा होता. घोड्याने त्याचे काम चोख केले होते, काडतूसच फुसके निघाले. त्याने ते माझ्या तळहातावर ठेवले.

“तुझा दोष नाही,” तो म्हणाला. “यांचाही नाही. कुठल्या भाषेत मोजत होत्या रे? मला एक अक्षर कळलं नाही. पण त्यांचे तीस आणि माझे तीस एकाच वेळी झाले.”

त्याने फळीवरचे पत्र तिथेच उभ्याने लिहिले. किती गोळ्या कुठे लागल्या याबद्दल त्यात एक शब्द नव्हता. या व्यक्तीच्या शेजारी उभे राहायला मला कधीही भीती वाटणार नाही, एवढेच होते, आणि खाली सही.

नलिनीताईंनी ते दोनदा वाचले, घडी घातली आणि चष्मा पुसायला लागल्या. चष्मा बराच वेळ पुसून झाला.

“अरविंदराव,” त्या म्हणाल्या, “चौतीस वर्षं मी लोकांना टेबलावर झोपवून आकडे मोजायला लावले. दहाच्या पुढे कोणी गेलं नाही. तीसपर्यंत पोचल्यावर कसं वाटतं, ते आज कळलं.”